आधी कोण वळलं

कांगशानच्या हवाई तळावर खुन-शेंगने उभा जन्म लढाऊ विमानांची इंजिनं दुरुस्त केली, पण आकाशात एकदाही गेला नाही. ती हौस त्याने निवृत्तीनंतर बाजारातल्या इंटरनेट कॅफेत भागवली. विमानांच्या लढाईचा ऑनलाइन खेळ, आणि शत्रू म्हणून कायम एकच माणूस, बोकडाच्या रश्श्याचं दुकान चालवणारा यिंग-फा.

म्हातारा मोठा खाष्ट. यिंग-फाला खेळ त्यानेच शिकवला, तोही शिव्या घालत. दोन विमानं नाकासमोर नाक आली की लांबून एकदा गोळ्या झाडायच्या आणि अगदी शेवटी खाली बुडी मारून निसटायचं. घाबरून आधी वळलास तर तुझी पाठ समोरच्याला आयती मिळते, मग संपलास, असं तो दर डावाला बजावायचा. यिंग-फा हटकून आधी वळायचा. "मटणवाल्या, तुझा बोकडसुद्धा तुझ्यापेक्षा धीराने मरतो रे," म्हणत खुन-शेंग सगळ्या कॅफेला ऐकू जाईल असा हसायचा. होता होता यिंग-फा वळेनासा झाला, तेव्हा म्हाताऱ्याला त्याचं कोण कौतुक.

मग दुखणं आलं. यकृताचा कॅन्सर. हात थरथरू लागले. घरचे हळू आवाजात बोलायचे, हातातला कप काढून घ्यायचे, आणि त्याचा अस्सा संताप व्हायचा. "तू तरी माझी कीव करू नकोस," एवढं एकच त्याने यिंग-फाकडे मागितलं. यिंग-फाने कबूल केलं.

त्या दुपारी विमानं समोरासमोर आली. खुन-शेंगच्या गोळ्या कुठच्या कुठे जात होत्या. यिंग-फाने चोरून शेजारी पाहिलं. म्हातारा दोन्ही हातांनी जॉयस्टिकचा दांडा धरून बसला होता, कपाळावर घाम. यिंग-फाला गोळ्यांचं बटण दाबवेना. त्याने विमान वळवलं, लवकर, मुद्दाम.

एवढी आयती पाठ समोर आली तरी खुन-शेंगने गोळी झाडली नाही. हेडफोन काढून टेबलावर ठेवला.

"आज मेलो बघ मी," तो म्हणाला, आणि भिंत धरत धरत निघून गेला.

पुन्हा आला नाही. यिंग-फा रोज रस्सा घेऊन त्याच्या दाराशी जायचा. मुलगी डबा घ्यायची, बाबा झोपलेत म्हणायची, आणि आतून त्याचं खोकणं ऐकू यायचं.

अंत्यविधीला यिंग-फा उदबत्ती घेऊन फोटोसमोर उभा राहिला. दादा, चुकलं माझं, एवढंच म्हणायचं ठरवून आला होता. फोटोतले तेच खाष्ट डोळे रोखून बघत होते. नजरेला नजर भिडली, आणि यिंग-फाचीच मान आधी वळली.