पुढं कौलं, मागं गवत

घर बांधून झालं की सुतार जातो, गवंडी जातो. पण त्या घराबद्दलचं बोलणं काही जात नाही. मी सांगायला बसले की आमच्या सुना विचारतात, "हा किस्सा नवा की मागचाच?" अगं, एकाच घरात मी नवरी म्हणून आले आणि तिथंच म्हातारी झाले. साठणारच की!

घर म्हणजे माझं सासर. नंदिगड्ड्याच्या अलीकडं, रानात, लहानशी वाडी. सगळी घरं कुडाची, वर गवत. गावडा म्हणजे गावचा म्होरक्या, त्याचंसुद्धा गवताचंच! आणि मधोमध आमचं एक लालभडक कौलारू. त्या काळी त्या रानात कौलं म्हणजे मालक एक तर फार मोठा, नाहीतर फार लबाड. वाडीनं दुसरं धरलं होतं.

* * *

माझ्या वडिलांचं खानापुराला धान्याचं दुकान. "माणूस बघू नये, त्याचं छप्पर बघावं," हे त्यांचं ठरलेलं. मध्यस्थानं सांगितलं, "कौलारू घर हाय, एकदम फर्स्टक्लास!" वडिलांना मध्यस्थाचा भरवसा नाही. म्हणून रेल्वेनं कॅसलरॉकला आले, तिथून बैलगाडीनं वाडीपर्यंत. रस्त्यावरूनच कौलं दिसली. गाडी तिथूनच वळवली! जास्त चौकशी केली तर स्थळ हातचं जाईल, ही भीती.

लग्न झालं, सासरी आले. दुसऱ्या दिवशी पहाटे मी तांब्या घेऊन परसात गेले, सहज वर बघितलं. गवत! पुढच्या उतारावर कौलं आणि मागच्या उतारावर निव्वळ गवत! मी तशीच धावत सासूबाईंकडं गेले. त्यांना आम्ही आत्ती म्हणायचो.

"आत्ती, मागं गवत हाय!"

आत्ती चुलीत फुंकर घालत होत्या. मान वळवली नाही.

"हाय की. मागं कोण बघतंय?"

"मी बघितलं की!"

"तू आता घरचीच!"

* * *

अर्धंच का? त्याची हकीकत मामंजींनी, म्हणजे माझ्या सासऱ्यांनी, मला एकदाच सांगितली. कुळगीच्या बाजूला कुणा साहेबाचा बंगला होत होता. कॅसलरॉक स्टेशनातून कौलं वाहून न्यायचं काम मामंजींच्या गाडीकडं. मध्येच साहेबाची बदली झाली, बंगला तसाच राहिला. जाताना साहेब म्हणाला, उरलेली कौलं तू घेऊन जा. उरलेली कौलं अर्ध्याच घराला पुरली. संपली गोष्ट!

पण वाडीला पटेल तर ना! कुणी म्हणे, नांगरताना मोहरांचा हंडा सापडला. कुणी म्हणे, गोव्याकडून घाटातून दारू आणतो. मामंजींनी एकदा देवळासमोर भर बैठकीत शपथेवर साहेबाची गोष्ट सांगितली. कुणाला पटली, कुणाला नाही, काही कळेना. मग गावडा शांतपणे म्हणाला,

"हंडा सापडला म्हण, दारू आणली म्हण, आम्ही मानतो. पण साहेब कधी देतो व्हय? साहेब घेतो!"

मजा पुढं आहे. ज्यांनी चोर ठरवलं, त्यांनीच त्या दिवसापासून मामंजींना बैठकीत गावड्याच्या शेजारी बसवायला सुरुवात केली!

* * *

पहिल्या पंचमीला वडील मला न्यायला आले. बाहेर पाऊस धो धो. मागचं गवत त्यांना दिसलं तर, हाच घरात सगळ्यांना घोर. मला तर जास्तच, कारण वडील तापट. फसवलं म्हणून मला कायमची घेऊन गेले तर? नवरा चांगला होता हो! मला नांदायचं होतं.

रात्र कशीबशी पुढच्या सोप्यात निभावली. पण सकाळी माणूस तांब्या घेऊन कुठं जाणार? मागंच! मामंजी दारातच उभे.

"पावणं, हिकडनं या. पुढची वाट बरी हाय."

वडील पायरीवर थांबले. मामंजींकडं बघितलं, तांब्याकडं बघितलं.

"सगळ्या मुलखाची ही वाट मागनं असती. तुमचीच पुढनं कशी?"

आणि चालू लागले ते थेट मागच्या बाजूला. मी स्वयंपाकघराच्या दाराआड देवाचं नाव घेत उभी. वडील बराच वेळ आले नाहीत. आले ते हात-पाय धुऊन मुकाट पाटावर बसले, भाकरी खाल्ली, मामंजींशी पावसापाण्याचं बोलले. मला वाटलं, आता गाडीत बसल्यावर फुटणार.

गाडी वाडीबाहेर आली तसे माझ्या कानाशी वाकले. म्हणाले,

"पोरी, आईला सांगू नकोस. मी सगळ्या खानापुरात कौलारू म्हणून सांगून बसलोय!"

* * *

आमच्या शेजारी कुणब्याचं घर. सोमी आणि तिचा नवरा पुनो. बांबूचा कूड, वर गवत, पण सारवण असं की जमिनीवर वाढून खावं. वाडीत एक गोसावी यायचा, तो सोमीच्या दारात हमखास थांबायचा. आमचं दार ओलांडून पुढं जायचा. आत्तींना हे फार लागलं. त्याच्यावर पाळत ठेवून एक दिवस त्यांनी त्याला रस्त्यात गाठलंच.

"का रे बाबा? आमच्या घरात विटाळ हाय?"

गोसावी हात जोडून म्हणाला, "न्हाई माउली. पण कौलारू घरात भिक्षा मिळत न्हाई. कुठला, कुणाचा, कशाला आलास, नुसती चौकशी मिळती!"

आत्तींनी विचारलं, "कोण म्हणतंय असं? कुठल्या गावचं लोक म्हणत्यात?"

* * *

मग फॉरेस्टचा गार्ड. नवीनच आला होता. रस्त्यावरून कौलं दिसल्याबरोबर त्याची पावलं आमच्याकडं वळली. घरात शिरून काठीनं एकेक खांब ठोकून बघायला लागला. सागवानी तुळईपाशी थांबला.

"ही तुळई कुठनं आणली? हिच्यावर शिक्का न्हाई."

सरकारी शिक्का नसलेलं सागवान म्हणजे चोरीचं लाकूड. मामंजी घरात नव्हते, नवरा शेतावर. धरून नेलं तर सोडवायला कोण जाणार? आत्ती मात्र पदर खोचून पुढं झाल्या.

"ही तुळई माझ्या सासऱ्यांच्या टायमाची. मी ह्या घरात आले तवा ती हितंच होती."

"असंल. पण शिक्का कुठाय?"

"शिक्का माझ्यावर बी न्हाई. मग मी बी चोरीची व्हय रे?"

गार्ड ओशाळला. ताक पिऊन गेला.

मी हुश्श करून परसात आले तर कुंपणापलीकडं सोमी उभी. सगळं ऐकलं होतं तिनं. मला वाटलं, हसेल. ती हसली नाही. म्हणाली,

"तुमचं बरं हाय गो व्हयनी. आमच्या घरावर संशय घ्यायला बी कोण येत न्हाई!"

* * *

त्यानंतर काही वर्षांनी प्लेग आला. वाडीत उंदीर पडायला लागले. गावड्याचा धाकटा भाऊ तापानं गेला. घरं सोडून माळावर राहा, असा हुकूम आला. घरात ऊन जावं म्हणून आमची कौलंही उतरवून ठेवायला लावली. त्या दुःखातही गावडा शिडी लावून वरून डोकावायला आला. इतक्या वर्षांचा संशय होता ना! मामंजींनी खालून विचारलं,

"हंडा दिसला काय?"

गावडा हळूच उतरला.

"न्हाई. आत बी आमच्यासारखंच काळं हाय."

* * *

माळावर सगळ्यांच्या झोपड्या सारख्याच. आमची पुनोनं बांधून दिली, आम्हाला कुठली येते बांधायला! साथ सरली, सगळे आपापल्या घरी परतले. आम्हीही आलो. फक्त मामंजी आले नाहीत.

"तुम्ही व्हा म्होरं. मी उद्या येतो."

उद्या झाला, परवा झाला. पंधरवडा लोटला. सांगावा धाडला की उत्तर तेच, उद्या येतो. आत्तींच्या डोक्यात नाही नाही ते यायला लागलं. काही पुरलंय का तिथं? कुणी बाई तर नाही? शेवटी मला म्हणाल्या, "जा, भाकरी द्यायचं निमित्त कर आणि नीट बघून ये."

मी गेले. जाताना माझंही मन चिंती ते वैरी न चिंती. करवंदीच्या जाळीआडून आधी बघून घेतलं. झोपडीसमोर मामंजी आणि पुनो एकाच चटईवर बसले होते. मध्ये पेजेचं मडकं. पुनो काहीतरी सांगत होता आणि मामंजी मांडीवर थाप मारून हसत होते. मी त्यांना असं हसताना कधी बघितलं नव्हतं. आमच्या घरी पुनो आला की अंगणात उकिडवा बसायचा, मामंजी वर ओसरीवर, आणि बोलणं तेवढ्यापुरतंच.

मी पदर सावरून पुढं झाले, भाकरी ठेवली. विचारलं,

"मामंजी, आत्ती इचारत्यात, घरी कवा येणार?"

ते म्हणाले, "बस की सूनबाई. हितं ओसरी न्हाई."

घरी आले तर आत्ती दारातच.

"काय हाय तिथं?"

"काय न्हाई, आत्ती."

"काय न्हाई तर बसलाय कशाला?"

"पेज पित्यात. पुनो असतोय."

"आणि?"

"आणि हसत्यात."

आत्तींना हे सगळ्यात संशयास्पद वाटलं. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी ठेवणीतलं लुगडं नेसलं, "आज हाताला धरून आणते का न्हाई बघ," म्हणाल्या आणि तरातरा माळाकडं गेल्या.

दुपार झाली. दिवस कलला. नवरा शेतावरून आला, गुरं बांधली.

"आई कुठाय?"

"मामंजींना आणायला गेल्यात."

"कवा?"

"सकाळी."

नवऱ्यानं माळाकडं बघितलं. खांद्यावर घोंगडी टाकली, पायात वहाणा चढवल्या.

"थांब, मीच जाऊन बघतो काय ते."

मी दारात आडवी झाले. म्हटलं,

"तुम्ही अजिबात जायचं न्हाई!"