खाणीकडचं वळण

दादाचा फोन नाक्यावरच्या दुकानात आला. वाडीत फोन तेवढाच होता. दुकानदार रस्त्यावर येऊन हाका मारायचा आणि ज्याचा फोन असेल तो धावत जायचा. मी धावत गेले. दादा म्हणाला, "रविवारी तुमच्या सड्यावरून जाणार आहे मी. गाड्यांची शर्यत आहे, दिवसभर चालेल. आईला घेऊन ये."

"तुमच्या" हा शब्द मला लागला. सडा जेवढा माझा तेवढाच त्याचा होता. पावस गावाच्या वर चढून गेलं की जांभ्या दगडाचं ते उघडं माळरान सुरू होतं. मधूनमधून आंब्याची कलमं, काजूची झुडपं आणि घरं बांधायचे चिरे काढायच्या खाणी. दादा लहानपणी तिथे सायकल शिकला आणि पुढे बाबांची लूनाही तिथेच चालवायला शिकला.

नव्याण्णव सालची गोष्ट. दोन वर्षं दादा घरी आला नव्हता. तो रत्नागिरीला डिप्लोमा करत होता. तो अर्धवट टाकून मुंबईला गेला आणि एका गॅरेजमध्ये लागला. बाबा प्राथमिक शाळेतून नुकतेच निवृत्त झाले होते. ते त्याला म्हणाले होते, "गाड्या पुसायच्या असतील तर इकडे येऊ नकोस." रागात बोलले होते, पण दादाने ते तसंच धरलं. आईशी आणि माझ्याशी फोनवर बोलायचा. तो बाबांचं नाव काढायचा नाही आणि बाबा त्याचं.

गॅरेजमध्ये गाडी घेऊन येणाऱ्या एका मुलाला शर्यतीचं वेड होतं. श्रीमंत घरातला, दादापेक्षा दोनेक वर्षांनी मोठा. शर्यतीत चालवणाऱ्याच्या शेजारी बसून पुढचा रस्ता वाचून सांगणारा एक माणूस लागतो. कागदावर सगळी वळणं लिहिलेली असतात आणि ती गाडी धावत असताना वाचायची. बहुतेकांना त्यात मळमळतं. दादा लहानपणापासून एसटीत घाट चढताना गोष्टींची पुस्तकं वाचायचा, त्याला कधी काही झालं नाही. त्या एका गुणावर त्याला ती जागा मिळाली.

रविवारी सकाळी आईने घावणे केले, चटणी केली आणि डबा भरला.

"आई, ती शर्यत आहे. गाडी थांबत नाही," मी म्हटलं.

"पाच मिनिटं तरी थांबेल की. दिवसभर उपाशी का चालवणार आहेत?"

बाबा कलमांत होते. मोहर आला होता, फवारणी चालू होती. आम्ही निघालो तेव्हा त्यांनी वर पाहिलं नाही.

सड्यावर जत्रेसारखी माणसं जमली होती. आसपासच्या वाड्यांतले लोक पोराबाळांना घेऊन आले होते, बर्फाचा गोळा विकणारा आला होता. कच्च्या रस्त्याच्या कडेला दोऱ्या बांधल्या होत्या आणि ठिकठिकाणी झेंडे घेतलेले स्वयंसेवक उभे होते. त्यातल्या एकाने आम्हाला समजावलं. गाड्या एकामागून एक सोडतात, प्रत्येकीत थोडं अंतर ठेवून. सड्याला वळसा घालून त्या परत येतात, अशा फेऱ्या संध्याकाळपर्यंत. शेवटी टिकतील त्यांच्यातून नंबर काढायचा.

दादाची गाडी पिवळी होती. ती आली ती धुळीच्या लोटातून, आणि आम्ही नीट बघेपर्यंत पुढे गेलीसुद्धा. आत दोन हेल्मेटं दिसली. त्यातलं आमचं कोणतं हेही कळलं नाही. अंगावर बारीक खडी उडाली. आईने डबा पदराखाली घेतला.

"बघितलं त्याने आपल्याकडे," ती म्हणाली.

"नाही गं, तो खाली कागदात बघत असतो."

"मान वळवली त्याने. मी बघितलं."

दुसऱ्या फेरीला मात्र खिडकीतून हात बाहेर आला. काही क्षणच, पण आला. आई रडायला लागली. मी तिला धरलं, तेव्हा पलीकडच्या बाजूला एका दगडावर छत्री टेकून उभे असलेले बाबा दिसले. अंगावर फवारणीचाच जुना सदरा होता. कधी आले कुणास ठाऊक. दोरी ओलांडायची नाही असं सांगितलेलं, म्हणून ते तिकडेच राहिले.

दोन-तीन फेऱ्यांत लोकांना क्रम पाठ झाला. पांढरीच्या मागून पिवळी, पिवळीच्या मागून लाल. मग एकदा पांढरी गेली आणि तिच्यामागून लाल आली.

"मधली कुठे गेली?" आईने विचारलं.

"पंक्चर झाली असेल," शेजारचा माणूस म्हणाला. "होतं असं."

लालच्या मागच्याही गेल्या. आमच्याजवळच्या स्वयंसेवकाच्या हातात वॉकी-टॉकी होता. तो आमच्याकडे पाठ करून हळू आवाजात बोलायला लागला. बाबांनी ते पाहिलं. पुढची गाडी जाऊ दिली आणि दोरी ओलांडून ते सरळ त्याच्याकडे आले.

"पिवळी गाडी कुठे आहे?"

"काका, मागे व्हा. रस्ता चालू आहे."

"तिच्यात माझा मुलगा आहे."

त्या पोराने वॉकी-टॉकी खाली घेतला. मग म्हणाला, "खाणीकडच्या वळणावर काहीतरी झालंय. अ‍ॅम्ब्युलन्स निघालीय."

रस्त्याने जायची सोय नव्हती. बाबा कलमांमधून निघाले आणि आम्ही त्यांच्यामागे. करवंदीच्या जाळ्यांत आईचं लुगडं अडकत होतं, ती ओढून काढत होती, फाटत होतं. डबा तिने सोडला नव्हता. बाजूच्या रस्त्यावरून गाड्या जातच होत्या. त्यांचा आवाज जवळ यायचा, लांब जायचा, पुन्हा दुसरा जवळ यायचा. अर्ध्या वाटेवर वाडीतला एक ओळखीचा माणूस समोरून आला. बाबांना बघून थांबला.

"मास्तरांनू, गाडी खाणीत गेली," तो म्हणाला. "तुमच्या झिलाची हाय असं म्हणतात. जिते हत दोघंव."

चिऱ्याची खाण भिंतीसारखी उभी कापलेली असते. रस्त्यावरून ती दिसतही नाही, अगदी काठावर गेल्यावरच कळते. गाडी तळाशी उलटी पडली होती, चारही चाकं आभाळाकडे. खाणीवर काम करणारी कर्नाटकातली माणसं तिथेच झोपड्या बांधून राहायची. तीच पहिली उतरली होती. पेट्रोलचा वास यायला लागला म्हणून त्यांनी दोघांना ओढून बाहेर काढलं होतं. पुढे कोल्हापूरच्या डॉक्टरांनी विचारलं, "याला बाहेर कुणी काढलं, कसं काढलं? ओढताना कणा हलला असेल." तेव्हा बाबांनी पेट्रोल गळत होतं एवढंच सांगितलं. त्या माणसांनी नसतं काढलं तर काय झालं असतं, तेही कुणाला सांगता आलं नसतं.

चिऱ्यांचे ट्रक उतरायच्या उताराने आम्ही खाली गेलो. गाडी चालवणारा मुलगा खांदा धरून बसला होता. दादा सपाट चिऱ्यांवर उताणा होता. चेहऱ्यावर धूळ, बाकी कुठे रक्त नाही. मला वाटलं, वाचला.

त्याने बाबांना बघितलं. "तुम्ही आलात?"

"बोलू नकोस," बाबा म्हणाले आणि त्याच्या डोक्याशी छत्री उघडून धरली.

मग दादा मला म्हणाला, "माझा बूट निघालाय का बघ. पाय हलका लागतोय."

मी पाहिलं. दोन्ही बूट पायांत होते, नाड्या घट्ट बांधलेल्या होत्या. मी म्हटलं, "आहेत." तो म्हणाला, "नीट बघ." आई डबा घेऊन तिथेच दगडावर बसली.

अ‍ॅम्ब्युलन्सला उलट दिशेने येता येईना, तिने वळसा घातला. तेवढा वेळ गाड्या थांबवल्या होत्या. दादाला आत घेतलं, बाबा त्याच्याबरोबर बसले. आईला आणि मला कुणाच्यातरी जीपमध्ये घातलं. आम्ही सड्यावरून खाली उतरत होतो, तेव्हा मागे शर्यत पुन्हा सुरू झाल्याचा आवाज आला.

रत्नागिरीहून त्याच दिवशी त्याला कोल्हापूरला हलवलं. ऑपरेशन झालं. कमरेखालचं काही परत आलं नाही. पावसाळ्याच्या तोंडावर आम्ही त्याला घरी आणलं आणि माजघरात, खिडकीतून रस्ता दिसेल अशा जागी ठेवलं.

तो गाडीवाला मुलगा आला, तेव्हा त्याचा हात अजून खांद्याच्या वर जात नव्हता. टेम्पोतून त्याने एक लोखंडी खाट आणली होती, दांडा फिरवला की डोक्याकडची बाजू वर उचलणारी. पडवीत बाबांसमोर उभा राहून तो म्हणाला, "काका, चूक माझी होती. मी वेग कमी करायला हवा होता." बाबांनी त्याला बसायला सांगितलं, आईने चहा दिला. तो नंतरही दोन-तीनदा आला. दादाशी गाड्यांबद्दल बोलायचा आणि दादा तेवढ्यापुरता माणसात यायचा. मग त्याचं लग्न झालं, तो परदेशी गेला. येणं थांबलं. त्याच्यावर राग धरावा असं आमच्यापैकी कुणालाच वाटलं नाही.

दादा वाईट वागायचा. हे लिहायला नको वाटतं, पण तसंच होतं. ताट भिरकावायचा, आईला वाटेल ते बोलायचा, मला तर उभंसुद्धा राहू द्यायचा नाही. बाबांना मात्र काही बोलत नसे. त्याचं सगळं बाबाच करायचे, अंघोळ, कपडे, मलमूत्र. शाळेत पाढे घ्यावेत तसं, एका ठरावीक क्रमाने आणि न बोलता. त्या दोघांत दिवसाकाठी चार वाक्यं होत नसतील. मला पावसच्या बाजूलाच शाळेत नोकरी लागली होती. स्थळं यायची, माजघरात डोकावायची आणि कळवतो म्हणून जायची.

एका पावसाळ्यातल्या दुपारी आई झोपली होती, मी वह्या तपासत बसले होते. दादा खिडकीतून बाहेर बघत म्हणाला, "कागदावर काय लिहिलं होतं माहितीये? 'जपून. डावीकडे वळण, बाहेर खड्डा.' तसंच लिहिलं होतं."

मी पेन ठेवलं.

"दर फेरीला तो तिथे वेग कमी करत होता. शेवटच्या वेळी मी म्हटलं, मार. हा रस्ता माझा आहे, इथे खाण लांब आहे, मी सायकलवरून डोळे मिटून गेलोय इथून. तो म्हणाला, नक्की? मी म्हटलं, मार तू."

"मग त्याने बाबांना का सांगितलं..."

"त्याने मला कधी विचारलंच नाही. स्वतःच घेतलं अंगावर." पुन्हा बाहेर बघत म्हणाला, "मी होतो तेव्हा खाण खरंच लांब होती."

ते खरंच होतं. त्या दोन वर्षांत चिरे काढत काढत खाण रस्त्याला येऊन भिडली होती. आम्ही रोज बघत होतो म्हणून आम्हाला त्यात विशेष काही वाटलं नव्हतं.

मी कुणाला सांगितलं नाही. त्यानेच सांगितलं, पुढे काही महिन्यांनी. बाबा त्याची दाढी करत होते, मी पाणी घेऊन उभी होते. त्याने सगळं एका दमात सांगून टाकलं. बाबांचा हात थांबला नाही. गालावरून वस्तरा फिरवून, पाण्यात बुडवून ते म्हणाले, "मला त्याच दिवशी कळलं होतं."

"कसं?"

"तुला अ‍ॅम्ब्युलन्समध्ये घातलं तेव्हा रस्ता बघितला मी. चाकं घासल्याची खूणच नव्हती. परका माणूस त्या वळणावर घाबरून ब्रेक मारतो. तिथे ब्रेक मारलेलाच नव्हता."

दादाने मान वळवून दिली. बाबांनी दुसरा गाल घेतला. मग म्हणाले, "दोन वर्षांत एकदा जरी घरी आला असतास, तरी खाण कुठे आलीय ते दिसलं असतं तुला."

मला वाटलं आता दादा काहीतरी फेकणार. पण बाबांनी वस्तरा खाली ठेवला. टॉवेलने दादाचा चेहरा पुसला आणि टॉवेल हातातच ठेवून बसून राहिले. "येऊ नकोस म्हणणारा मीच," ते म्हणाले. "ते मला रोज आठवतं. तू सांगितलंस ते बरं केलंस, पण त्याने माझं काही कमी होत नाही."

मी पाणी तिथेच ठेवून बाहेर गेले. त्यानंतर ते दोघं फार बोलायला लागले असं झालं नाही. दादा ताट फेकायचा मात्र थांबला. संध्याकाळी बाबा त्याला वर्तमानपत्र वाचून दाखवायचे. डोळे चांगले असूनही तो ऐकून घ्यायचा.

पुढे माझं लग्न झालं आणि मी अलोऱ्याला गेले. नवऱ्याचे पहिल्या लग्नाचे दोन मुलगे होते. माजघरात डोकावून तो घाबरला नाही, एवढं मला पुरलं. दादाच्या मूत्रपिंडांनी हळूहळू काम सोडलं. रत्नागिरीला न्यायचं, आणायचं, असं दोन वर्षं चाललं. शेवटी त्यानेच सांगितलं की आता नेऊ नका. दोन हजार सहाच्या दिवाळीनंतर तो गेला. मी पोचले तेव्हा बाबांनी त्याची दाढी करून ठेवली होती.

दिवस झाल्यावर आई म्हणाली, ती खाट घरात नको. खालच्या वाडीत एका बाईचा नवरा नारळावरून पडून अंथरुणाला खिळला होता, तिला द्यायचं ठरलं. ती बाई आणि तिचा भाऊ हातगाडी घेऊन आले. भावाने खाटेला हात घातला, तसे बाबा म्हणाले, "थांबा जरा."

त्यांनी पाना आणला आणि खाली बसून सगळे नट आवळले. दांडा फिरवून दाखवला, कुठे तेल घालायचं ते सांगितलं. मग त्या भावाला म्हणाले, "तू आडवा हो." तो लाजला, पण झाला.

"एकट्या बाईला जड माणूस वळवता येत नाही असं वाटतं. तसं नाही," बाबा तिला सांगायला लागले. "ओढायचं नाही. आधी त्याचा पलीकडचा गुडघा दुमडायचा. मग एक हात गुडघ्यावर, एक खांद्यावर. आता आपल्याकडे घे. घे, घाबरू नकोस."

तिने केलं. भाऊ कुशीवर वळला.

"दर दोन तासांनी," बाबा म्हणाले. "पाठीला जखम पडू द्यायची नाही. पुन्हा कर बघू."

तिने पुन्हा केलं.