टोपीला हात लावल्यावरच

टॅबलेटच्या पडद्यावर सरांनी उजवा हात उचलला, कपाळावर जिथे टोपीची कड यायची तिथे बोटं टेकवली, मग तळहात छातीवर ठेवला आणि तिथेच राहू दिला. तोंडावर ऑक्सिजनचा मास्क होता, बोलता येत नव्हतं. आयर्लंडमधल्या ड्रोहेडाच्या दवाखान्यात कोरोनामुळे आत कोणाला सोडत नव्हते, म्हणून तिकडे एक नर्स टॅबलेट धरून उभी होती आणि इकडे आम्ही स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसलो होतो. डॉक्टरीणबाई विचारत होत्या, घशात नळी घालून मशीनवर ठेवायचं का... ठेवलं तरी त्यातून बाहेर येतील असं वाटत नाही, पण त्यांना स्वतःला काय हवं असेल? माझा मुलगा नितीन म्हणाला, "आई, बाबा घाम पुसतायत. छातीत दुखतंय त्यांच्या."

मी म्हटलं, "घाम नाही तो. थांब म्हणतायत. नळी नको."

"आई, ही काय मॅच आहे का?"

"त्यांच्यासाठी आहे."

ह्याला आता दीड महिना झाला. सर म्हणजे माझे पती. अमरावती जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या कॉलेजात त्यांनी तीसेक वर्षं बेसबॉल शिकवला. अख्खं गाव त्यांना सर म्हणायचं, म्हणून मीही तेच म्हणू लागले. मी चौथीपर्यंत शिकले आहे. पुरवणीत लोक लिहितात तसं गेलेल्या माणसाला देव करणं मला जमायचं नाही. सर तापट होते. जेवलेलं ताट कधी उचललं नाही. नितीन जन्मला तेव्हा संघ घेऊन परगावी गेले होते, पोरगं आठवड्याचं झाल्यावर घरी आले, पाळण्यात वाकून बघितलं आणि पहिलं काय विचारलं, तर "डावखुरा आहे का?"

मी लग्न होऊन आले तेव्हा त्या गावात बेसबॉल कोणाला ठाऊक नव्हता. सर कुठल्याशा शिबिराला गेले आणि एक बॅट, एक चामड्याचा हातमोजा घेऊन परतले. पारावरची माणसं म्हणायची, क्रिकेटच आहे, सरांना नीट कळलं नाही. मैदानाच्या कोपऱ्यांवर ठेवायच्या गाद्या मी शिवल्या, गोणपाटात लाकडाचा भुसा भरून. मग दुपारची मी पाण्याचा माठ घेऊन तिथेच लिंबाखाली बसायची. ऊन कललं की धूळ सोनेरी होऊन तरंगत राहायची, पोरांचे आवाज दूर पाण्यापलीकडून आल्यासारखे वाटायचे, आणि त्या धुळीत तिसऱ्या गादीशेजारी पांढऱ्या टोपीतला एक माणूस शब्द न काढता नुसते हात हलवत उभा असायचा. कान, नाक, कोपर, पट्टा, परत कान... झोपेत दिसावं तसं ते दिसायचं. त्या खुणा आपल्या धावणाऱ्यासाठी असत. समोरच्या संघाला कळू नये म्हणून बहुतेक सगळ्या खोट्या. टोपीला हात लावल्यावर जी खूण येईल तीच खरी. कान म्हणजे पळ. छातीवर तळहात म्हणजे थांब, जागा सोडू नको. आणि कोपरापासून मनगटापर्यंत हात पुसला, की आधी सांगितलेलं सगळं रद्द.

मला कोणी शिकवलं नाही. बघून बघून आलं. मग घरातही तेच सुरू झालं. पाहुणे बसलेले असले की सर टोपीला हात लावून कान धरायचे, मी चहा टाकायची. पाहुणा उधार मागायला आलाय असं कळलं की हात पुसायचे, मी आधण उतरवायची. सासूबाई एकदा म्हणाल्या, "काहून खाजवून राहिला रे सारखा? पिसवा झाल्या काय तुले?" आम्ही दोघं हसलो तर त्या रुसल्या.

पुढे सरांनी मुलींचा संघ काढला. बापांना समजवायला मी त्यांच्यासोबत घरोघरी फिरले, कारण सरांना समजावता येत नसे, नुसतं रागावता येई. त्या संघातली सुलभा वाऱ्यासारखी पळायची. एका अंतिम सामन्यात ती दुसऱ्या गादीवरून सुटून तिसऱ्या गादीपाशी आली. तशीच पुढे शेवटच्या कोपऱ्यापर्यंत पोचली असती तर धाव मिळून बरोबरी झाली असती. सगळं मैदान 'पळ, पळ' ओरडत होतं. सरांनी टोपीला हात लावला आणि तळहात छातीवर ठेवला. ती थांबली. पुढची मुलगी बाद झाली आणि सामना गेला. परतीच्या एसटीत कोणी सरांशी बोललं नाही. प्राचार्यांनी जाब विचारला तेव्हा एवढंच म्हणाले, "चेंडू तिच्या आधी पोचला असता. बाद होणार हे मला दिसत असताना मी कोणाला पळवत नाही." सुलभा आता पोलिसात आहे. परवा तिचा फोन आला होता. म्हणाली, "काकू, मी वर्षभर सरांवर राग धरला होता. पण खूण मोडायचं मनात सुद्धा आलं नाही."

२०२० च्या फेब्रुवारीत आम्ही तीन महिन्यांसाठी नितीनकडे आयर्लंडला आलो आणि अडकलो. विमानं बंद. नितीनचं शहरातलं, बॉल्सब्रिजचं ऑफिस त्याच्या झोपायच्या खोलीत आलं, सूनबाई केतकीचं जिन्याखाली. इथे जूनमध्ये दहा वाजले तरी उजेड जात नाही. संध्याकाळ संपतच नाही, गवत हिरव्याचं निळं होत जातं आणि आपण जागे आहोत की नाही ते कळेनासं होतं. त्या उजेडात माणसं लांबून लांबून एकमेकांना हात करायची, जवळ कोणी यायचं नाही. सारं गाव सरांच्या मैदानासारखं झालं होतं. सर खुशीत होते. कुंपणापलीकडच्या मायकल म्हाताऱ्यानं आमच्या नातीला, इराला, आपली जुनी, टोकाला चपटी अशी खेळायची काठी दिली. सर तिला त्या काठीनंच चेंडू मारायला शिकवायचे. तो पलीकडून म्हणायचा, "ग्रँड, कोच, ग्रँड."

सर नितीनला म्हणाले, "हा सगळ्यालाच ग्रँड म्हणतो रे. मग खरंच चांगलं झालं ते ओळखायचं कसं?"

"नाही ओळखता येत, बाबा. दहा वर्षं झाली मला इथे."

एकदा इराला खुणा शिकवणं चाललं होतं. नितीन दारात कप घेऊन उभा होता. म्हणाला, "मला कधी शिकवल्या नाहीत."

"तू मैदानावर आला नाहीस."

"तुम्ही घरी आला नाहीत."

इरा मध्येच म्हणाली, "आजोबा, व्हॉट्स दिस वन?" आणि सर पुन्हा हात दाखवू लागले.

पुढच्या जानेवारीत घरात सगळ्यांनाच ताप आला. सरांचा वाढला.

त्या टेबलाशी नितीनला खात्री हवी होती. मलाही हवी होती. म्हणून मी पडद्यासमोर डोक्याला हात लावला आणि कान धरला. पळायचं का? सर बघत राहिले. इतका वेळ, की मला वाटलं झोपले... मग त्यांनी उजव्या हातानं डावा हात पुसला, कोपरापासून मनगटापर्यंत, अगदी सावकाश. माझं 'पळ' रद्द. नर्स म्हणाली, सलाईनची सुई खुपत असेल. तिनं हात नीट ठेवला. मी म्हटलं, "नितीन, डॉक्टरीणबाईंना नको म्हणून सांग." त्यानं सांगितलं. दुसऱ्या दिवशी दुपारी सर गेले. आम्ही आजारी, घरात कोंडलेले. अंत्यविधी त्याच पडद्यावर बघितला.

नितीन नंतर माझ्याशी कामापुरतंच बोलत होता. इथे गरम पाण्याच्या टाकीशेजारी कपडे ठेवायचं उबदार कपाट असतं, त्याला हॉट प्रेस म्हणतात. सरांना दवाखान्यात नेलं त्या सकाळी मी त्यांची टोपी धुऊन त्यात वाळत घातली होती. ती तिथेच होती. गेल्या रविवारी नितीन ती घेऊन खाली आला.

"आई, सुई खुपत नव्हती कशावरून?"

"सुईही खुपत असेल."

"मग?"

"मग काय. खुपत असली तरी माणूस सांगायचं ते सांगतो."

तो टोपी हातात फिरवत बसला. मग म्हणाला, "मला दाखव." मी दाखवलं. त्यानं टोपी घातली, हात लावला, छातीवर तळहात ठेवला. बोटं फाकलेली होती. इरा टोस्ट खाता खाता म्हणाली, "नो, बाबा, क्लोज युअर फिंगर्स." त्यानं मिटली आणि हात तसाच ठेवून बराच वेळ बसला. खिडकीबाहेर धुकं होतं, मायकलचं कुंपणसुद्धा दिसत नव्हतं.

टोपी परत हॉट प्रेसमध्ये ठेवली आहे. कोरडी आहे, तरी तिथेच.

घरात पाचही जणांना कोरोना झाला होता. सर गेले. नितीन, केतकी, इरा आणि मी वाचलो.