नकाशातलं एक छप्पर

जपानमधल्या मोठ्या भूकंपानंतरच्या दुसऱ्या वर्षी मी तिथल्या त्सुकुबा शहरात होते आणि जीव कशातच लागत नव्हता. जमीन अधूनमधून हलायची, खुर्चीत धड बसवायचं नाही. काम मात्र बसूनच करायचं. ब्राझील आणि पेरूच्या सीमेवरच्या जंगलाचे उपग्रहाने घेतलेले फोटो बघायचे आणि नदी, रस्ता, शेत, वस्ती अशा खुणा करत नकाशा भरायचा. रिकामा चौकोन मला मेला बघवतच नाही.

एक दिवस नदीच्या वळणाआड गवताने शाकारलेलं लांबलचक छप्पर दिसलं, शेजारी केळी. त्या भागात बाहेरच्या माणसाला मुद्दाम टाळून राहणारे लोक आहेत, हे वाचलं होतं. मी हरखलेच. ‘वस्ती’ लिहून नकाशाचं ते पान तपासणीला दिलं.

प्रत्येक पानावर दुसऱ्या माणसाचा लाल शिक्का लागायचा. आमच्याकडे तो मारायचे शेजारच्या टेबलावरचे, निवृत्तीला टेकलेले एक गृहस्थ. पान बिनशिक्क्याचं परत आलं. त्यांनी ते माझ्या टेबलावर ठेवलं, मान लववली आणि गेले. मला वाटलं, काम कच्चं राहिलं. म्हणून छपराची लांबी-रुंदी लिहिली. पान परत. मग नदीचा उतार दाखवला, तिथून घरापर्यंतची पायवाट काढली. तरी परत! माझं डोकंच फिरलं.

"अजून काय हवंय तुम्हाला? कुणीही चालत जाऊन पोचेल इतकं स्पष्ट केलंय."

"हो ना," ते म्हणाले. "चोरून झाडं तोडणारेही नकाशा बघतात."

मी हातातलं पान खाली ठेवलं. मग तेच हळूहळू बोलले. त्यांचं गाव किनाऱ्याजवळचं, अणुभट्टीच्या अपघातानंतर रिकामं केलेलं. लोक नकाशा बघून त्यांचं घर शोधत जातात, बूट घालून आत शिरतात, फोटो काढतात. देवघराचासुद्धा काढला होता.

मला स्वतःची भयंकर लाज वाटली. पण दिसेल ते लिहायचं, हा आमचा नियम. खोटं सापडलं तर दोघांचीही नोकरी गेली असती. दुपारभर माझी नुसती चुळबुळ चालली होती. दोनदा चहा करून आणला, दोन्ही वेळा गार झाला.

शेवटी पायवाट खोडली, उतार खोडला, छप्पर खोडलं आणि लिहिलं, ‘दाट जंगल’.

आयुष्यभर दुसऱ्यांच्या चुका पकडलेल्या त्या माणसाने पान घेतलं, चष्मा पुसून पुन्हा लावला, त्या चौकोनावर बोट ठेवून नीट बघितलं आणि शिक्का मारला.