भारा घेतलेली बाई

गाडीने आपणहून मारलेला पहिला ब्रेक एका वाढदिवसाच्या फलकासाठी होता. शहाद्याहून घरी येताना आमच्या गावच्या कमानीपाशी रस्ता जरा वळतो. तिथे माणसाएवढ्या फोटोंचा फलक बांधलेला होता. सगळे हात जोडलेले, दोघा-तिघांनी गॉगल लावलेले. रस्त्यावर काहीच नव्हतं. गाडी एकदम जागीच थांबली, सीटबेल्ट छातीत रुतला आणि माझ्या मांडीवरचा डबा खाली जाऊन रस्सा सांडला. मागच्या पिकअपवाल्याने शिवी दिली, ती काचा बंद असूनही कळली.

"काय व्हयनं?" मी विचारलं.

"मी नही मारा ब्रेक. गाडीनी मारा," नवरा म्हणाला.

या गाडीच्या स्क्रीनवर पुढच्या रस्त्याचं चित्र उमटतं. पुढे ट्रक असेल तर छोटा ट्रक, मोटरसायकल असेल तर मोटरसायकल, माणूस असेल तर करड्या रंगाचा माणूस. त्या वेळी स्क्रीनवर करडी माणसं ओळीने उभी होती. फलकावर होती तेवढीच.

"भाऊसले मान देस गाडी," ते म्हणाले. "आपलापेक्षा शहाणी शे."

मी हसले. खाली वाकून रस्सा पुसायला लागले तेव्हा हसू गेलं, कारण मागे पिकअपऐवजी उसाचा ट्रॅक्टर असता तर तो थांबला नसता.

माझं शहाद्यात बियाणं, खतं आणि औषधांचं दुकान आहे. नवरा पुरुषोत्तमनगरला साखर कारखान्यात नोकरीला होता, आता निवृत्त आहे. सकाळी ते मला दुकानात सोडतात, संध्याकाळी न्यायला येतात. घरावर सोलर बसवलं तेव्हा विजेवरची गाडी घ्यायचं ठरलं. माझं म्हणणं होतं, साधी घ्या. त्यांना सगळ्यात वरचं मॉडेल हवं होतं, ज्यात 'एडास' असतं ते. शोरूमच्या मुलीने समजावलं की पुढे माणूस किंवा जनावर आलं तर गाडी स्वतः थांबते, पट्टा सोडून चाललात तर स्टिअरिंग स्वतः वळवते. नवऱ्याने तिला पुन्हा पुन्हा एकच विचारलं, "म्हणजे तिला स्वतःला दिसतं ना?" मला वाटलं, हौस आहे. नोकरीभर माणूस मोटरसायकलवर फिरला, आता हौस करू दे.

फलकानंतर केळीच्या बागेशेजारी फडफडणाऱ्या हिरव्या जाळीला गाडी थांबली. मग कॅनॉलच्या पुलावर सावलीला थांबली. मी गाडीच्या कंपनीकडे तक्रार केली.

तक्रारीची दुसरी बाजू मला चांगली माहीत आहे. बी उगवलं नाही की शेतकरी दुकानात येतो. मी कंपनीला कळवते, त्यांचा माणूस येतो, शेतात वाकून चिमटीत माती घेतो आणि सांगतो, पेरणी खोल गेली, किंवा पाणी जास्त झालं, किंवा औषध चुकीचं मारलं. बी नापास झालं असं मी त्याच्या तोंडून अजून ऐकलेलं नाही. म्हणून गाडी धुळ्याच्या सर्व्हिस सेंटरला नेली तेव्हा उत्तर काय मिळणार याचा अंदाज होता.

"मॅडम, सिस्टीम ओके आहे. एरर काही नाही," तिथला इंजिनिअर म्हणाला.

"मग थांबते कशाला?"

"तिला काहीतरी दिसलं असेल."

"फलक दिसला."

"फलकावरचा माणूस तिला माणूस वाटला. एक लक्षात घ्या, ती चुकली तरी सेफ बाजूला चुकते."

"आणि मागून ट्रक आला तर?"

"मागच्याने अंतर ठेवायला हवं ना."

"हे विसरवाडीच्या हायवेवर उभं राहून तुम्ही सांगता, का मी सांगू?"

तो हसला. गाडी धुऊन परत दिली.

या गाड्यांच्या मालकांचा एक व्हॉट्सअॅप ग्रुप होता, त्यात नवऱ्याने मलाही घातलं. तिथे असल्या तक्रारी रोज. एकाची गाडी उड्डाणपुलाखाली थबकायची. एकाच्या रस्त्यावर जुने आणि नवे पांढरे पट्टे दोन्ही राहिलेले, तिथे स्टिअरिंग त्याला कडेच्या खड्ड्याकडे ओढायचं. एकाने लिहिलं, हायवेवर गाडी आपोआप थांबली आणि मागून टेम्पोने ठोकलं. सोबत फोटो होता, मागची सीट पुढच्या सीटला चिकटलेली. लोकांनी हात जोडल्याची चिन्हं टाकली आणि थोड्या वेळाने पुन्हा चार्जरबद्दल बोलायला लागले. त्या माणसाने नंतर काही लिहिलं नाही. कोणी विचारलंही नाही.

मग ऊसतोड सुरू झाली. आमच्या रस्त्यावर त्या दिवसांत ऊस भरलेल्या ट्रॉल्या असतात आणि संध्याकाळी फडावरून परतणाऱ्या बाया. प्रत्येकीच्या डोक्यावर उसाच्या हिरव्या शेंड्यांचा भारा. ज्यांच्याकडे गुरं आहेत ते दारावर विकत घेतात, आम्हीही घेतो. भाऱ्याची पानं चारी बाजूंनी कमरेपर्यंत लोंबतात. मागून पाहिलं तर झुडूप चालल्यासारखं दिसतं, खाली दोन पाय.

मी खिडकीतून बाहेर पाहिलं, मग स्क्रीनवर पाहिलं. बाहेर रस्त्याच्या कडेने बायांची रांग होती. स्क्रीनवर रिकामा रस्ता. आधी वाटलं, उशिरा उमटेल. आम्ही त्यांच्या इतक्या जवळून गेलो की पानं आरशाला घासली. स्क्रीन रिकामीच राहिली.

दुसऱ्या दिवशी पुन्हा पाहिलं, तेच. भारा नसलेली बाई दिसायची. भारा घेतला की ती जायची. कुठल्या शहरातली माणसं दाखवून त्या यंत्राला शिकवलं असेल कोण जाणे. फलकावरचे भाऊ त्याच्या लेखी माणूस होते आणि या बाया कोणीच नव्हत्या. त्यात ही गाडी आवाज करत नाही. पाठमोऱ्या चालणाऱ्या बाईला, कानांवर पानं असताना, ती आल्याचं कळायला काही मार्ग नव्हता.

मी नवऱ्याला सांगितलं.

"तिले नही दिखत, माले दिखस ना," ते म्हणाले.

बोलण्यात खोट काढण्यासारखं काही नव्हतं.

त्याच आठवड्यात, दिवस मावळायच्या सुमाराला, गाव जवळ आलं असताना गाडीने पुन्हा ब्रेक मारला. नवरा वैतागला. "परत फुकटना ब्रेक. लिही तक्रारमा, रस्ता मोकळा व्हता."

रस्ता मोकळा नव्हता. बॉनेटच्या पुढून एक म्हैस ओलांडत होती आणि तिची दोरी धरलेला म्हातारा आमच्याकडे पाहत होता. दोरीचं टोक बंपरला लागून गेलं.

"म्हैस व्हती," मी म्हटलं.

त्यांनी मान पुढे काढून पाहिलं. "हा, म्हैस व्हती. पन दूर व्हती."

घरी चहा करताना मला एकेक आठवायला लागलं. कपाच्या बाहेर पडलेला चहा. मोबाइल तिरका धरून वाचणं. दिवाळीपासून मोटरसायकल बंद, कंबर दुखते म्हणून. ओट्याच्या पायरीला लागलेला पाय. प्रत्येक वेळी त्यांच्याकडे कारण तयार असायचं आणि प्रत्येक कारण पटण्यासारखं होतं. आता मला हे कळेना की इतके दिवस जे फुकटचे ब्रेक म्हणून मी कंपनीला कळवत होते, त्यांतले फुकटचे किती होते. मी शेजारी नसताना, मला सोडून एकटे परत येताना, गाडी कशाकशाला थांबली होती आणि कशाला नाही?

कंपनीचं उत्तर आलं ते याच दिवसांत. यंत्रणा अपेक्षेप्रमाणे काम करत आहे. ही केवळ मदत आहे, रस्त्यावर नजर चालकाचीच हवी. मी ते मोठ्याने वाचून दाखवलं.

"बरोबर शे," नवरा म्हणाला आणि टीव्हीचा आवाज वाढवला.

दुसऱ्या दिवशी मी दुकानातून लवकर आले. भारा देणारी बाई दारात आली तेव्हा ऊन उतरलं होतं, पण उजेड भरपूर होता. मी नवऱ्याला म्हटलं, "तक्रारसाठे व्हिडिओ धाडना शे. तुम्ही गाडीमा बठा, पाय ब्रेकवर ठेवा. मी समोर उभी ऱ्हास. स्क्रीनवर काय दिखस ते सांगा." ते खुशीने बसले. तक्रारीचं काम त्यांना आवडायचं. मोबाइल मी त्यांच्या शेजारी, स्क्रीन दिसेल असा अडकवला.

आधी मी नुसतीच अंगणात गाडीपुढे उभी राहिले.

"दिखनी," ते आतून म्हणाले. "मानूस दिखना. जाडजूड शे."

मी भिंतीमागे गेले आणि त्या बाईला भारा माझ्या डोक्यावर ठेवायला सांगितलं.

"मान मोडी जाई माय तुन्ही," ती हसत म्हणाली. पण ठेवला. मानेवर ओझं बसलं, पानं डोळ्यांवर आली, आणि मला माझ्या पायांखेरीज काही दिसेना. मी तशीच चालत गाडीपुढे गेले आणि त्या बाया चालतात तशी पाठमोरी उभी राहिले. गाडी सुरू होती. मला आवाज येत नव्हता.

"आते?" मी विचारलं.

मी मोठ्याने पुन्हा विचारलं.

"स्क्रीनवर काय शे?"

"काही नही. ये ना लवकर."

"स्क्रीन सोडा. काचमाइन समोर देखा."

"समोरच देखी ऱ्हायनू. तू भित्तीमांगेच शे ना आजून?"

भारेवालीचं हसणं थांबलं. मला एवढंच कळत होतं की माझ्यामागे हात दोन हातांवर ती गाडी आहे आणि त्यांचा पाय ब्रेकवर आहे. मी वळले नाही. एक पाऊल बाजूला, मग दुसरं, अशी भिंतीला लागले आणि भारा खाली टाकला.

"बंद करा आनि उतरा."

"काय व्हयनं?"

"उतरा."

ते उतरले. दाराची कड हाताने चाचपून उतरले, आणि हेही मी आधी कधी लक्ष देऊन पाहिलं नव्हतं.

"बाबाले दिखत नही का?" बाईने मला विचारलं.

"नही," मी म्हटलं. त्यांनी ऐकलं. तिने भारा उचलून गाईपुढे टाकला आणि निघून गेली.

ओट्यावर बसून नवऱ्याने सांगितलं. मधलं दिसतं, बाजूबाजूने धूर धरल्यासारखं आहे. ऊन उतरलं की धूर मधेही येतो. म्हणून ती गाडी.

"सांगं का नही?"

"सांगतू तं तू चावी लई लेती."

"हा, लेती."

आणि मी हात पुढे केला. त्यांनी चावी दिली.

नंदुरबारच्या डोळ्यांच्या डॉक्टरांनी सांगितलं, डोळ्यातला दाब वाढलेला आहे, गेलं ते परत येत नाही, उरलंय ते थेंबांनी टिकवू. थेंब मीच घालते, सकाळी आणि झोपताना.

व्हिडिओ मी कंपनीला पाठवला. या वेळी फलकाचं काही लिहिलं नाही. लिहिलं की तुमच्या गाडीला डोक्यावर भारा घेतलेली बाई दिसत नाही आणि आमच्या रस्त्यावर संध्याकाळी भारा घेतलेल्या बायाच असतात. उत्तर तेच आलं, शब्दही तेच. खाली 'तक्रार निकाली' असं होतं. बियाण्याच्या कंपनीचा माणूस निदान शेत बघायला तरी येतो.

गाडी आता मी चालवते. पूर्वी दुकानाचा माल आणायला जुनी व्हॅन मीच धुळ्यापर्यंत न्यायची, त्यामुळे नवीन काही नाही. एडास जेवढं बंद करता येतं तेवढं बंद केलंय. स्क्रीन मात्र चालूच असते, आणि नवरा शेजारी बसून ती वाचून दाखवतो. ती जवळ आहे, उजळ आहे, तिरकं वळून त्यांना दिसते. ट्रक शे. मोटरसायकल शे. मी बोलू देते.

परवा दुकान बंद करून येत होतो. कारखान्याच्या ट्रॉल्या मागे पडल्या, पुढे सरळ रस्ता.

"रस्ता मोकळा शे," ते म्हणाले. "जाऊ दे."

मी वेग कमी केला, दुसऱ्या बाजूला घेतलं, हॉर्न हलकेच वाजवला. बाया वळून न पाहता कडेला सरकल्या. सगळ्यात मागची लहान होती, तिचा भारा तिच्याहून मोठा.

"काय व्हयनं? कोनी व्हतं का?"

"बाया शेतस. भारा लई जाई ऱ्हायन्यात."

त्यांनी स्क्रीनकडे मान तिरकी केली आणि बराच वेळ पाहिलं. "आठे तं नही," ते स्क्रीनवर बोट ठेवून म्हणाले.

मी पुढे जाऊन गाडी कडेला उभी केली, का ते नीट सांगता येणार नाही. आरशात रस्ता दिसत होता, आणि त्या रस्त्यावर आमच्यासारखीच एक पांढरी गाडी येत होती. हल्ली बऱ्याच झाल्यात. आवाज नव्हता, नुसता पांढरा ठिपका मोठा होत गेला. मी खाली उतरून हात वर केला. ती बायांच्या अगदी अंगाजवळून आली, पानं हलली, आणि ती माझ्या शेजारून निघून गेली. आत चालवणाऱ्याचे हात मांडीवर होते का स्टिअरिंगवर, ते दिसलं नाही. मागून मी पाहत राहिले. ब्रेकचा दिवा एकदाही लागला नाही.