दारापाशची शेवटची जागा

मंगळवारी निरोप आला तेव्हा मी मोताळ्याच्या बाजारात वांगी निवडत होतो. मार्था मावशी झोपेतच गेली म्हणे... खोटं कशाला सांगू, आधी सुटल्यासारखं वाटलं, रडू मागाहून आलं. आठच दिवसांपूर्वी तिच्याजवळ बसून मनातलं बोललो होतो. ते राहून गेलं असतं तर छातीवरचा धोंडा जन्मभर हलला नसता.

मावशी मिशनच्या दवाखान्यात नर्स. महाराष्ट्र नुकता झाला होता, तेव्हाची गोष्ट. आमच्या चर्चच्या मंडळीत प्रभुभोजनाला द्राक्षरसाचा एकच प्याला, हातोहात फिरणारा. त्यात गंगाबाई उपासनेला येऊ लागली. महारोग बरा झालेला, बोटं मात्र झडलेली. आता कुणाला काही होत नाही, असं मावशीनं सगळ्यांना समजावलं होतं, तरी कुजबुज थांबेना. मी मंडळीचा चिटणीस, मोठा शहाणा! गंगाबाईसाठी इनॅमलचा वेगळा मग गुपचूप आणून ठेवला, वर मनाशी म्हणालो, तिचीच सोय. तिनं त्याला हात लावला नाही. मान खाली घालून दारापाशी बसून राहिली.

मावशी पहिल्या बाकावरून उठली, तो मग आपल्या पिशवीत टाकला आणि गंगाबाईच्या पलीकडे जाऊन बसली. पाळकसाहेबांना एवढंच म्हणाली, प्याला इथवर येऊ द्या. गंगाबाई दोन्ही तळव्यांत धरून प्याली, तिच्यामागून मावशी. पुढे वर्षानुवर्षं तेच. आम्ही सगळे आधीच पिऊन मोकळे, आणि वर आमची मंडळी किती प्रेमळ म्हणून मिरवायला तयार!

त्या शेवटच्या भेटीत मी कबूल केलं की तो मग मीच आणला होता. मावशी हसली. "मले माहीत हाय बे. त्यातच चहा पेते मी रोज, चांगला मोठा हाय." मग म्हणाली, "पन माह्याशिवाय गंगेच्या मांगून आजून कोनी पेलं नाही. मी गेल्यावर कोन बसन तिथं?" 

महिन्याच्या पहिल्या रविवारी, प्रभुभोजनाच्या दिवशी, दारापाशची मावशीची जागा रिकामी होती. भीती वाटली, हो, वाटली. तरी उठलो आणि जाऊन बसलो. प्याला आला. गंगाबाई प्याली आणि घाईनं पदरानं कड पुसू लागली. "राहू द्या, मावशी," मी म्हणालो. तोंडून मावशी कसं निघालं कोण जाणे. प्यालो, आणि कितीतरी वर्षांनी अंग हलकं झालं.

उपासना संपल्यावर तिनं हळूच विचारलं, "पुढच्या खेपेलेही इथंच बसशीन का?"

"हाव," म्हटलं.