उमरेडपर्यंत तापत गेलेली गाडी

मे महिन्यात नागपूरची शहाणी माणसं ऊन चढायच्या आत कामं उरकून घरी येतात. आम्ही ऊन चढल्यावर निघालो. आम्ही म्हणजे मी, माझे यजमान आणि आमची गाडी. वॉरंटी तिघांचीही केव्हाच संपलेली.

गाडी आमच्या थोरल्या नातवापेक्षा लहान आणि धाकट्या नातीपेक्षा मोठी. गेल्या महिन्यात तिने भर रस्त्यात वाफ सोडली, तसा आमच्या मुलाने, सुहासने, पुण्यात बसून भंगारवाला ठरवून टाकला. ह्यांचा चेहरा असा उतरला, जणू भंगारवाला ह्यांनाच न्यायला येणार होता. शेवटी बापलेकांत तह झाला. गाडी दुरुस्त करायची आणि उमरेडला ह्यांच्या बहिणीकडे नेऊन आणायची. काटा लाल पट्ट्यात गेला नाही तर गाडी राहील. गेला तर सोमवारी ती जाईल. यात मला काळजी एकच होती. हे शब्दाचे इतके पक्के आहेत की पत्त्यांच्या डावातही विचारलं तर हातातली पानं सांगून टाकतात.

रामदासपेठेतल्या मेकॅनिकने गळका रबरी पाइप बदलला, नवं कूलंट भरलं आणि मला शिकवणी दिली. कूलंट हिरवं असतं, वास गोडसर. ते गळत असलं तर गाडीखाली हिरवे डाग पडतात, पाइपाच्या सांध्याला पांढरी पापडी धरते आणि बाजूच्या प्लॅस्टिकच्या टाकीतली पातळी उतरते. एसी चालू असताना खाली स्वच्छ पाणी ठिबकलं तर घाबरायचं नाही. इंजिन गरम असताना रेडिएटरचं झाकण मात्र उघडायचं नाही. हे शेवटचं तो माझ्याकडे रोखून बघत बोलला. ह्यांनी त्याला आधीच सगळं सांगितलेलं दिसत होतं.

झालं होतं असं की लग्नानंतर मी गाडी शिकले आणि आठवड्याभरात मला सगळं येऊ लागलं. तापमानाचा काटा वर चढला की त्या वेळच्या बाईसाहेब, म्हणजे मीच, खूश व्हायच्या. त्यांना वाटायचं, गाडी जोमात आहे. एकदा जोम फारच वाढून गाडी बंद पडली, तेव्हा बाईसाहेबांनी पदराने धरून झाकण फिरवलं. कुकरची शिट्टी काढायचा अनुभव होता ना. उकळत्या पाण्याचा फवारा झाडापर्यंत गेला आणि बाईसाहेब झाडाच्याही पलीकडे. घरी येऊन सासूबाईंना मात्र सांगितलं की गाडीत मुळातच दोष आहे. अशा मुलीला लायसन कोणी दिलं, हे मला आजही कळलेलं नाही.

तर निघालो. तर्री पोहे (वरून झणझणीत रस्सा घातलेले पोहे) खाऊन, खिशात एकेक कांदा टाकून. उन्हाळ्यात कांदा जवळ असला की ऊन लागत नाही, यावर नागपूरकरांचा देवाइतका विश्वास. दिघोरीपर्यंत काटा मधोमध होता. गाव मागे पडलं, रस्ता मोकळा झाला, गाडीने वेग घेतला आणि काटा हळूच वर सरकला.

मी एसी बंद केला आणि हीटर लावला. वाचकांनी पान खाली ठेवू नये, माझं डोकं ठिकाणावर होतं. हीटर लावला की इंजिनाची उष्णता माणसांकडे येते आणि इंजिनाला जरा उसंत मिळते. नागपूरच्या मे महिन्यात हीटर. शेजारून जाणाऱ्या एसटीतली माणसं आमच्याकडे वाकून बघत होती. ह्यांच्या भुवयांवरून घाम गळत होता, पण तक्रार एका शब्दाची नाही. उलट दर थोड्या वेळाने म्हणायचे, थांबव जरा, पाणी मारतो. मग बाटली घेऊन पुढे जायचे, खाली वाकायचे आणि परत यायचे. मला वाटायचं, बंपरवरची धूळ धुताहेत. माणसाला दुःखात काहीतरी काम लागतं.

पाचगावच्या अलीकडे काटा लाल पट्ट्यात शिरला.

 मी गाडी एका रसवंतीच्या (उसाच्या रसाच्या दुकानाच्या) सावलीत लावली, काट्यावरची नजर न काढता इंजिन बंद केलं आणि उतरून खाली बघितलं. पुढच्या बाजूला हे एवढं थारोळं. गळती. हे ओट्यावर जाऊन बसले आणि गाडीकडे असे बघू लागले, जणू मुलगी सासरी निघाली आहे.

मी बॉनेट उघडलं. झाकणाला हात लावला नाही, हे इथे मुद्दाम नोंदवते. टाकी बघितली, तर पातळी जिथल्या तिथे. पाइप कोरडे, पापडी नाही, डाग नाही. एसी तर दिघोरीलाच बंद केलेला. मग एवढं पाणी आलं कुठून? बोट बुडवून बघितलं. हिरवं नाही, चिकट नाही. वास घेतला आणि चक्रावले. गाडीला माझ्या माहेरच्या बैठकीचा वास येत होता.

रस काढणारी बाई हात पुसत येऊन उभी राहिली होती. "माय, गाडी गळून नाही राहिली," ती म्हणाली. "तुम्ही उतरायच्या आधीच काकाजी तिच्या तोंडावर पाणी मारून राहिले होते. चक्कर आली का तिले?"

मी ह्यांच्याकडे बघितलं. हे रसाच्या ग्लासात बघत होते.

समोरच्या जाळीखाली हात घातला आणि ओढलं. आतून निघाली ताटी. कूलरला लावतात तीच, माहेरच्या बैठकीत असायची तशी वाळ्याची, मापात कापलेली, कडेने सुतळीने बांधलेली, निथळत असलेली. मेकॅनिककडून गाडी आल्यावर ह्यांनी गुपचूप ती रेडिएटरपुढे खोचली होती आणि रोज सकाळी तिला अंघोळ घालत होते. शहरातल्या हळू रस्त्यांवर ओली ताटी खपून गेली. हमरस्त्यावर रेडिएटरला हवाच मिळेना.

"अहो, हे काय?"

ह्यांची नागपुरी फक्त फार हळवे झाले की बाहेर पडते. "घरात तुले कूलरची हवा गोड लागते," हे म्हणाले, "तर तिले काहून (का) नाही लागणार? तिचंही वय झालं वं."

रसवाली बाई तोंडाला पदर लावून मागे वळली. मी मात्र तोंडाला काहीही न लावता हसले.

इंजिन निवल्यावर ताटीशिवाय निघालो. काटा मधोमध बसला तो उमरेडपर्यंत हलला नाही. नणंदेने पाटवडीचा रस्सा आणि आमरस केला होता. हे ताटी पाठीशी घेऊन जेवले. परतीच्या वाटेवर आणखी ऊन होतं, तरी काटा तिथेच.

रात्री सुहासचा फोन आला. मी म्हणणार होते की सगळं उत्तम. पण ह्यांनी फोन माझ्या हातातून घेतला आणि सांगून टाकलं, काटा लाल झाला होता. मग ताटीचंही सांगितलं.  सुहास एवढंच म्हणाला, की ठरलं ते ठरलं, भंगारवाला येऊन बघेल आणि तोच काय ते सांगेल.

सोमवारी भंगारवाला आला. मी त्याला गाडीत बसवलं आणि दुपारच्या उन्हात रामदासपेठेला चकरा मारल्या. काटा मधोमध. अंगणात परत आल्यावर मी त्याला म्हटलं, बाबा, दोष गाडीत नव्हता, यांच्यात आहे. आलाच आहेस तर यांना घेऊन जा. त्याने ह्यांना वरपासून खालपर्यंत नीट बघून घेतलं.

"नाही जमत, माँजी," तो म्हणाला. "गाडी चालू हाये, काकाजी बी चालू हायेत. चालू माल मी उचलत नाही."

हेच त्याने आमच्यासमोर सुहासला फोनवर सांगितलं. प्रवासाने माणूस शहाणा होतो म्हणतात. आमचा प्रवास उमरेडपर्यंतच होता, त्यामुळे शहाणपणही तेवढंच आलं. आज सकाळी हे गाडीच्या टपावर ओलं गोणपाट घालत होते. टपाखाली रेडिएटर नसतो, म्हणून मी काही बोलले नाही.